तीन रिकामी घरं, चार दिवस: चॅलेंजसाठी रोड ट्रिप कशी आखता?

नकाशावेडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते. आज धागा काढतेय, कारण खरोखर अडलंय.

जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे लोकांनी लपवलेले डबे (कॅश) जीपीएसने शोधायच्या खेळात, डब्याच्या काठिण्य-भूभागाच्या प्रत्येक जोडीला एक घर असलेला तक्ता असतो, त्याला फिझी म्हणतात. त्यात माझी ८१ पैकी ७८ घरं भरली आहेत. उरलीत ती तीन: ४.५/१, १.५/४.५ आणि ३/५. पहिला आकडा काठिण्याचा, दुसरा भूभागाचा. (कॅशला मी इथे डबाच म्हणणार आहे. आमच्या घरी तोच शब्द रुळलाय, आणि कॅश म्हटलं की ऐकणाऱ्याला पैसेच आठवतात.) तिन्ही घरांसाठी एकेक डबा हेरून ठेवलाय. पहिला घरापासून १४० किमी, तिथून दुसरा ९५, दुसऱ्यापासून तिसरा १२० आणि तिसऱ्यापासून घर २१०. म्हणजे ५६५ किमी गाडी आणि हातात चार दिवस. सोबत नवरा आणि नऊ वर्षांची लेक.

ज्या फिझी चॅलेंजसाठी हे सगळं चाललंय, त्या डब्याच्या नोंदवहीत मी दोन वर्षांपूर्वीच सही करून आलेय. तेव्हा तक्ता अपुरा, म्हणजे पात्र नव्हते, म्हणून खेळाच्या साइटवर 'सापडला' न लिहिता नुसती टीप टाकली. त्या टिपेचं 'सापडला'मध्ये रूपांतर करायचा दिवस मी मनात शंभरदा जगून घेतलाय.

आता अडचण. गेल्या वर्षी अशाच एका ट्रिपला मी साठ डब्यांची यादी घेऊन निघाले होते. तीन दिवसांत सदतीस मिळाले. आणि ज्या एका घरासाठी निघालो होतो, तिथे पोचेपर्यंत अंधार पडला. पायथ्याला गाडीत बसून वर डोंगराकडे बघत राहिले. तेव्हाची रुखरुख अजून गेलेली नाही.

यंदाच्या यादीत ४६ डबे आहेत. मार्गावरचे, ताजे सापडलेले, चांगले. तरी पोटात तोच गोळा आहे. तुम्ही कसं आखता? आधी रस्ता की आधी रिकामी घरं?

जुनीवाट

आधी घरं. रस्ता त्या घरांमधून ओवायचा, वाटेवरच्या डब्यांमधून नाही.

ताई, तुमच्या ४६चा हिशोब करून बघा. रस्त्यालगतचा सोपा डबासुद्धा पाच मिनिटांत होत नाही. गाडी बाजूला घ्यायची, सगळ्यांनी उतरायचं, चालायचं, शोधायचं, कागदाची गुंडाळी उलगडून सही करायची, ती पुन्हा तितकीच घट्ट गुंडाळायची, परत येऊन पट्टे लावायचे. मी गेली अनेक वर्षं सरासरी पंधरा मिनिटं धरतो आणि क्वचितच चुकतो. ४६ गुणिले १५ म्हणजे ६९० मिनिटं, साडेअकरा तास. चार दिवसांत वाटले तरी रोजचे जवळजवळ तीन तास. गेल्या वर्षी तुमचा उजेड कुठे गेला ते यात दिसतं.

माझी पद्धत सांगतो. एका दिवसाला एक घर. ते दिवसाचं काम. त्याच्यासाठी सकाळचा उजेड राखून ठेवायचा, आणि ते होईपर्यंत दुसऱ्या कशासाठीही गाडी थांबवायची नाही. झालं की मग उरलेला दिवस मोकळा, वाटेत दिसतील ते डबे घ्या, नाही घेतले तरी चालतात.

दुसरं म्हणजे प्रत्येक घरासाठी एक पर्यायी डबा हवा. तेच काठिण्य, तोच भूभाग, दुसरी जागा. एकाच डब्यावर चार दिवसांची ट्रिप टांगून ठेवू नका. तिसरं, शेवटच्या चार-पाच नोंदी शब्द न् शब्द वाचा. 'सापडला नाही' अशा लागोपाठ तीन नोंदी असतील आणि लिहिणारे अनुभवी असतील, तर तो डबा बहुधा जागेवर नाही. आणि नोंदी लहान-लहान होत गेल्या असतील, 'वही भिजलीय', 'झाकण बसत नाही', तर मालकाला, म्हणजे डबा लपवणाऱ्याला, निघण्याआधी आठवडाभर निरोप पाठवा. बहुतेक मालक आनंदाने जाऊन बघून येतात. एखाद्याच्या फिझीतलं शेवटचं घर आपल्या डब्याने भरणार, याचं मालकालाही अप्रूप असतं.

चौकोन_एक्क्याऐंशी

जुनीवाट यांच्याशी सहमत. एक भर घालतो, जी मला फार उशिरा कळली.

तक्त्यातली घरं कायमची भरत नाहीत. मालकाने डब्याचं काठिण्य किंवा भूभाग बदलला तर आकडेवारी नव्या आकड्यांप्रमाणे दिसते. माझं ५/२.५ भरलेलं होतं. मालकाने कोडं सोपं केलं, डबा ४/२.५ झाला आणि माझं घर रिकामं. मालकाची चूक नव्हती, त्याने योग्य तेच केलं. पण मी मात्र ऐंशीवर आलो होतो आणि मला पत्ताच नव्हता. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चेकर (पात्रता तपासणारं ऑनलाइन साधन) पुन्हा चालवा. आणि ज्या घरांत तुमचा एकच डबा आहे त्यांची वेगळी यादी ठेवा. तिथे दुसरा डबा मिळत असेल तर घेऊन ठेवा.

डबा बंद होऊन संग्रहात गेला तर मात्र काळजी नाही. सापडलेला तो सापडलेला, मोजणीत राहतो.

नवखा

मध्येच विचारतो, माफ करा. मला तेवीस डबे सापडलेत फक्त. चॅलेंज म्हणजे नक्की काय? आणि ८१ कुठून आले?

नकाशावेडी

माफी कसली, विचारा हो. तेवीसवर मीही हेच विचारलं होतं.

काठिण्य १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याने वाढतं, म्हणजे नऊ पायऱ्या. भूभागाच्याही तशाच नऊ. नऊ नव्वे एक्क्याऐंशी. भूभाग १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही पोचता येईल असा, ५ म्हणजे बोट, दोर किंवा तसंच काही खास साहित्य लागेल असा. काठिण्य सांगतं की शोधायला किंवा सोडवायला किती अवघड. प्रत्येक जोडीचा किमान एक डबा सापडला की तक्ता पूर्ण.

चॅलेंज डबा म्हणजे असा डबा, जो मोजण्यासाठी आधी काहीतरी साध्य केलेलं असावं लागतं. तक्ता पूर्ण करा, वर्षाच्या ३६६ तारखांना प्रत्येकी एक शोध लावा, एका दिवसात अमुक इतक्या प्रकारचे डबे शोधा, असं. सही कधीही करता येते, 'सापडला' मात्र पात्र झाल्यावरच लिहायचं. २०१५मध्ये साइटने नवे चॅलेंज घेणं थांबवलं होतं आणि २०१६मध्ये नव्या नियमांसह पुन्हा सुरू केलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या चॅलेंजला चेकर लागतो. टोपणनाव टाकलं की तुम्ही पात्र आहात की नाही ते लगेच कळतं. त्याआधी बऱ्याचदा मालकच हाताने तपासत बसायचे.

महिनामोजणी

३६६ तारखांचं नाव काढलंत म्हणून. त्यातली २९ फेब्रुवारी चार वर्षांतून एकदा येते. २०२४ची गेली, आता २०२८. ज्यांचं तेवढं एकच घर उरलंय त्यांनी त्या दिवशी एक नाही, तीन डबे ठरवून ठेवावेत. एखादा न सापडल्याने चार वर्षं थांबलेली माणसं मला माहीत आहेत.

माझं वेड मात्र जॅस्मरचं. (फिझी काय, जॅस्मर काय, दोन्ही नावं खेळाडूंच्या टोपणनावांवरून पडलीत.) मे २०००पासून आजवर प्रत्येक महिन्यात लपवलेला एकेक डबा शोधायचा. डिसेंबर २०२४पर्यंत हे २९६ महिने होतात आणि दर महिन्याला एक घर वाढतं. नवे महिने आपोआप भरतात. खरी ट्रिप आखावी लागते ती २०००-२००१साठी. त्या काळचे डबे जगात मोजके उरलेत, आणि दर वर्षी त्यातला एखादा रस्तारुंदीत नाहीतर पुरात जातो.

खेळाची सुरुवातच तिथली. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. शंभरेक मीटरची अचूकता एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. ३ मेला डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. 'जिओकॅशिंग' हा शब्द नंतर, त्याच महिन्याच्या अखेरीस आला. अल्मर यांची बादली आता नाही, तिथे स्मृतिफलक आहे. पण ११ मे २००० रोजी ठेवलेला कॅन्ससमधला मिंगो अजून चालू आहे, चालू डब्यांतला सर्वांत जुना. आंतरराज्य महामार्ग ७०ला लागूनच आहे, त्यामुळे मे २०००च्या एका घरासाठी लोक अख्खा देश ओलांडताना तिथे वाकडी वाट करतात. युरोपातला पहिला आयर्लंडमध्ये ब्रे हेडवर, जून २०००चा.

लपवल्याची तारीख पानावर असते. यादी त्या तारखेप्रमाणे लावून बघा. आपल्या वाटेपासून तीस किमीवर २००१चा डबा बसलेला असतो आणि आपल्याला कल्पनाही नसते.

नवखा

बाप रे. धन्यवाद दोघांना. तेवीस आहेत त्यात किती घरं भरली ते आता मोजतो.

पाणकावळा

नकाशावेडी, तुमच्या ३/५बद्दल. पाण्यातला आहे ना? बेट असेल तर किनाऱ्यापासून किती लांब, आणि तलाव उघडा आहे की डोंगरांत?

नकाशावेडी

हो, तलावातलं छोटं बेट. नकाशावर मोजलं तर ९०० मीटर. एका बाजूला डोंगर, दुसरी बाजू पूर्ण उघडी. कयाक भाड्याने घेणार आहोत, दुपारी तीन ते पाचची वेळ मनात धरलीय, कारण त्या दिवशी सकाळी १२० किमी गाडी आहे.

पाणकावळा

दुपारी तीन नको. कृपा करून नको.

शांत पाण्यावर नवखा माणूसही ताशी तीन किमीने वल्हवतो, म्हणजे ९०० मीटरला अठरा-वीस मिनिटं. हा आकडा लोकांच्या डोक्यात बसतो आणि तोच घात करतो. जमीन तापली की वारा उठतो. उघड्या तलावावर दुपारपर्यंत लाटांना पांढरे शेंडे येतात. जाताना वारा पाठीशी असतो, बेट पटकन येतं, सगळे खूश. परत येताना तोच वारा तोंडावर, वल्हं थांबलं की कयाक मागे सरकते. मी स्वतः ७०० मीटरला एक तास दहा मिनिटं घेतलीत आणि किनाऱ्याला लागल्यावर वल्ह्यावरची बोटं उघडत नव्हती.

आदल्या संध्याकाळीच तलावाशी पोचा, मुक्काम तिथे करा आणि उजाडताना पाण्यात उतरा. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, पट्टे आवळलेलं. बोटीत ठेवलेलं जॅकेट म्हणजे नसलेलं जॅकेट. लेकीसाठी तिच्या वजनाचं हवं, मोठ्यांचं तिच्या डोक्यावरून निघून जाईल. पाणी गार असेल तर हवा कितीही छान असो, कपडे पाण्याच्या हिशोबाने घाला.

लहान गोष्टी: पेनऐवजी पेन्सिल न्या, दमट कागदावर शाई उमटत नाही. ओल्या बोटांना फोनचा पडदा ऐकत नाही, तेव्हा बेटावर उतरल्यावर हात पुसायला कोरडं फडकं फोनच्याच पिशवीत ठेवा. आणि किनाऱ्यावरच्या कुणाला तरी परतीची वेळ सांगून जा.

शून्यसहा

अक्षांश-रेखांशांचा माझा एक धडा इथे नोंदवून ठेवतो, कोडं सोडवून निघणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आपल्या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. माझ्या कोड्याचं उत्तर २४.३५० मिनिटं होतं. मी घाईत उपकरणात ते २४ मिनिटं ३५.० सेकंद असं भरलं. दिसायला सारखंच. पण २४ मिनिटं ३५ सेकंद म्हणजे २४.५८३ मिनिटं. फरक ०.२३३ मिनिटाचा, अक्षांशात ४३० मीटर. अडीच तास मी एका पडक्या भिंतीचा दगड न् दगड हलवून बघत होतो आणि डबा ओढ्यापलीकडे होता. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे अक्षांशात साधारण १.८५ मीटर, हे आता मी उपकरणाच्या पाठीवर चिकटवून ठेवलंय. घरून निघताना प्रत्येक बिंदू नकाशावर उघडून बघा, तो चालत पोचण्यासारख्या जागी पडतोय का.

दगडफूल

वाचतेय, छान चाललाय धागा.

मोकळा वेळ राखणार असाल तर वाटेवर एखादा अर्थकॅश (इंग्रजीतलं 'अर्थ', म्हणजे पृथ्वी) जरूर घ्या. २००४पासूनचा प्रकार. डबा नसतो, जागा वाचायची असते आणि मालकाला प्रश्नांची उत्तरं पाठवायची. त्यामुळे चोरीला जात नाही, भिजत नाही, ट्रिपमधला हमखास शोध. माझ्या एका अर्थकॅशला ओढ्याकाठच्या खडकावर लाटांसारख्या खुणा होत्या. पेनाचं टोपण शेजारी ठेवून दोन कंगोऱ्यांमधलं अंतर मोजायचं होतं. मोजता मोजता लक्षात आलं की प्रत्येक कंगोऱ्याची एक बाजू उभी आहे आणि एक उतरती, आणि उभी बाजू सगळीकडे एकाच दिशेला. म्हणजे पाणी कुठून कुठे वाहत होतं ते त्या वाळूने, पुढे तिचा खडक झाला तरी, जपून ठेवलंय. अर्धा तास मी तिथून हलले नाही. तुमची लेक नऊ वर्षांची आहे, तिला हे फार आवडेल.

वेगवान_चाक

मला थोडं वेगळं मांडायचंय. एका दिवसाला एकच घर हे ज्यांना सुट्टी मुबलक त्यांच्यासाठी. आम्ही चौघे मित्र एका दिवसात तीन-तीन घरं भरतो. एक जण वर चढतो, दोघे खाली कोडं बघतात, चौथा गाडी. सह्या सगळ्यांच्या. नियमाने नाव वहीत असलं की झालं.

जुनीवाट

नियमाने होतं, मान्य. माझ्यापुरतं सांगतो. ५ भूभागाच्या एका झाडावर माझा मित्र चढला आणि माझी सही करून आला. माझं ते घर भरलं. पण तक्ता उघडला की माझी नजर नेमकी त्याच घरावर जायची. दोन वर्षांनी दोर शिकून मी दुसऱ्या झाडावर चढलो, मग ते घर माझं झालं. तुम्ही चौघांनी ठरवून केलंय, तर त्यावर मी बोलणार नाही. पण नकाशावेडी दोन वर्षं टीप सांभाळून बसल्या आहेत. त्यांना तिन्ही ठिकाणी स्वतःच्या पायाने जायचंय असं मला त्यांच्या लिहिण्यातून दिसतं.

नकाशावेडी

हो. स्वतःच जायचंय.

चौकोन_एक्क्याऐंशी

याच्याच जोडीने आणखी एक. डबा सापडला नाही म्हणून खिशातली डबी तिथे ठेवून 'सापडला' लिहायचा मोह शेवटच्या घराला सर्वांत जास्त होतो. खरा डबा बऱ्याचदा दोन हातांवर असतो. मग एका जागी दोन डबे होतात, पुढचे लोक चुकीच्या वहीत सह्या करतात आणि निस्तरायचं मालकाने. मी एका घरासाठी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा 'सापडला नाही' लिहिलं. चौथ्यांदा मिळाला. तो खोडाच्या आत नव्हताच, खोडाच्या सालीचाच एक तुकडा होता तो.

वेगवान_चाक

हे मात्र शंभर टक्के पटलं. दुसरी डबी ठेवणं आम्हीही कधी करत नाही. आणि जुनीवाट, तुमचं झाडाचं वाचून विचारात पडलोय.

नकाशावेडी

सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. नवी आखणी अशी:

पहिला दिवस: ४.५/१. कोडं तीन आठवड्यांपूर्वी सुटलंय, पानावरच्या तपासणीत उत्तर हिरवं आलंय आणि शून्यसहांचं वाचून बिंदू पुन्हा नकाशावर उघडून बघितला, पदपथावरच पडतोय. त्यानंतर दुसऱ्या मुक्कामापर्यंत गाडी, रात्री लवकर झोप.

दुसरा दिवस पूर्ण १.५/४.५ला. जाऊन-येऊन ११ किमी, ६४० मीटर चढ. उजाडताना निघणार. दुपारी एकला जिथे असू तिथून परत फिरायचं, डबा मिळो न मिळो. ही वेळ नवरा सांभाळणार, कारण मला स्वतःचा भरवसा नाही.

तिसऱ्या दिवशी फक्त १२० किमी, वाटेत एक अर्थकॅश, संध्याकाळी तलाव. चौथ्या दिवशी पहाटे पाणी, मग घर.

४६ची यादी खोडली. आता त्यात नऊ आहेत, त्यातले पाच लेकीने निवडलेत. तिला वस्तू मावतील एवढे मोठे डबे हवेत. १.५/४.५साठी पर्यायी डबा मिळाला, ३/५साठी नाही. सगळं फोनवर ऑफलाइन उतरवलंय, नकाशासकट, आणि गाडी चालवणारा फोनला हात लावणार नाही, हे आमच्याकडे पूर्वीपासूनच आहे.

महिनामोजणी

शुभेच्छा! ते नऊ डबे कोणत्या महिन्यांतले ते बघितलंत का?

नकाशावेडी

बघितलं! त्या नऊंबाहेरचा एक डबा सप्टेंबर २००१चा निघाला, आमच्या वाटेपासून चार किमीवर. तो दहावा.

नवखा

माझी ८१ पैकी सहा भरलीत. बाकी सगळे १.५/१.५वर. आल्यावर नक्की लिहा ताई.

नकाशावेडी

आलो काल रात्री. लिहितेच.

४.५/१: पोचल्यापासून दोन मिनिटांत लेकीने काढला. कठड्याच्या खालच्या बाजूला चुंबकाने चिकटवलेली, करंगळीच्या पेराएवढी डबी. तीन आठवडे मी ज्या पानापुढे बसले होते त्याचा शेवट तिच्या तळहातावर होता. वहीची पट्टी चिमट्याने ओढून काढावी लागली. माझ्याआधीची सही पाच महिन्यांपूर्वीची होती.

१.५/४.५बद्दल किती लिहू. साडेसहाला निघालो. पहिले चार किमी साधी पायवाट. शेवटचा दीड किमी हातापायांचा, मोकळ्या दगडांचा. लेक मध्ये, मी मागे. खिंडीत पोचलो तेव्हा उपकरण अकरा मीटर दाखवत होतं, मग चार, मग एकदम एकोणीस. दोन्हीकडे कडे, त्यामुळे संकेत उड्या मारत होता. मी उपकरण खिशात टाकलं आणि नुसतं बघायला लागले. काठिण्य दीड आहे, म्हणजे लपवणाऱ्याला आपल्याला दमवायचं नाहीये, एवढ्या वर आलेल्या माणसाला तो मिळावा असंच त्याला वाटत असणार. एका सपाट दगडावर तीन दगड असे उभे होते की वाऱ्या-पावसाने तसे राहणार नाहीत. त्यांच्यामागे लष्करी हिरव्या रंगाचा पत्र्याचा डबा. कडी उघडताना जो आवाज आला तो मी विसरणार नाही. आत वही कोरडी ठणठणीत. शेवटच्या सहीच्या शेजारी कुणीतरी पेन्सिलीने खिंडीतून दिसणारा डोंगर काढून ठेवला होता, आणि मान वर केली की तोच डोंगर समोर. लेकीने तिच्या बॅगेतली काचेची निळी गोटी आत ठेवली आणि एक शिट्टी घेतली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. घाई नव्हती. अर्धा तास आम्ही तिथे नुसते बसलो.

एका दिवसाला एक घर, हे मला तिथे बसल्यावर कळलं. गेल्या वर्षीच्या सदतीस डब्यांतला एकही मला इतका आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी सप्टेंबर २००१चा मिळाला. डबा नंतर बदललाय, पण वहीच्या पहिल्या पानावर मालकाने जुन्या वहीतली पहिली नोंद हाताने उतरवून ठेवलीय. अर्थकॅशलाही दोन तास गेले, दगडफूल, तुम्हाला वेगळा निरोप पाठवते.

चौथा दिवस. पहाटे पाचला बाहेर आले तर वारा आधीच होता. सहाला तलाव बघितला, बेटाच्या अलीकडे पांढरे शेंडे दिसत होते. कयाक देणारे म्हणाले, मोठे दोघं जाऊ शकता, मुलीला नेऊ नका. मी जॅकेट घातलं, पट्टे आवळले आणि पाण्याच्या कडेला उभी राहिले. बेट इतकं जवळ दिसत होतं की त्यावरचं एकेक झाड मोजता येत होतं. मग जॅकेट काढून परत दिलं.

८१ पैकी ८०. टीप अजून टीपच आहे.

जुनीवाट

पट्टे सोडले त्याबद्दल मनापासून शाबासकी. पहिल्यांदा वाचताना त्या ओळीवर मी थांबलो होतो.

दगडफूल

निरोप मिळाला, फोटो सुरेख आहेत. लेकीने पेनाचं टोपण अगदी बरोबर ठेवलंय.

चौकोन_एक्क्याऐंशी

ऐंशी भरलीत त्यांचे एकेरी डबे तपासायला विसरू नका.

पाणकावळा

तो तलाव मी ओळखला. उघडी बाजू पश्चिमेला आहे ना? मग तिकडून न जाता डोंगराच्या बाजूने उतरायचं. अंतर वाढून १४०० मीटर होतं, पण शेवटचे दोनशे मीटर सोडले तर सगळं आडोशाला आहे. नकाशावर उत्तर टोकाला एक छोटी खाच दिसते, तिथे गाडी जाते. पुढच्या महिन्यात माझ्याकडे दोन जणांची एक आणि एकट्याची एक अशा दोन कयाक असतील. दोन दिवस हातचे ठेवून या, म्हणजे एक वाऱ्यात गेला तरी दुसरा राहील. लेक माझ्या बायकोसोबत पुढे बसेल, ती पोहणं शिकवते.

नकाशावेडी

येतो. दोन काय, तीन दिवस काढते. लेक शेजारी बसून वाचतेय आणि विचारतेय की शिट्टी जॅकेटला बांधली तर चालेल का. तिचं वजन २६ किलो आहे, त्या मापाचं जॅकेट तुमच्याकडे आहे का, की मी घेऊन येऊ?

पाणकावळा

आहे. शिट्टी बांधायलाच हवी, विसरू नका म्हणावं.